आधी आईला वाढू द्या
(पवित्र कुटुंबाच्या सणानिमित्त)



गोठ्यातील बाळ येशूचे दर्शन घेऊन आपण नाताळ साजरा केला. आता पवित्र कुटुंबाच्या सणाला ख्रिस्तसभा आपल्याला विचारते, हे बाळ पुढे वाढले कसे? संत लूक येशूच्या बालपणाविषयी फार थोडे लिहितो. पण एक गोष्ट तो एकाच अध्यायात दोनदा सांगतो, की मूल वाढत गेले. त्याला बळ आले, शहाणपण आले, देवाची कृपा त्याच्यावर राहिली. देवाच्या पुत्रालाही वाढायला वर्षे लागली आणि जपणारे घर लागले. म्हणून मुलाची वाढ हा केवळ डॉक्टरांचा विषय नाही, आपल्या श्रद्धेचाही आहे.

नाताळच्या या दिवसांत आपल्या आजरा तालुक्यात ऊसतोड भरात असते. मराठवाड्यातून आलेल्या टोळ्यांच्या खोपी माळावर दिसतात. पहाटेच्या थंडीत बायका फडात उतरतात, बांधावर झोळीत तान्हे मूल असते. त्या झोळीजवळची आई कित्येकदा स्वतःच शाळेत जाण्याच्या वयाची असते.

हे असे का होते? ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुलाचे लग्न झाले की कोयता पुरा होतो, उचल वाढते. मुलीच्या आईबापांचीही अडचण खरी आहे. पाच-सहा महिने घर सोडायचे, तर वयात आलेली पोर गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची? मग ते तिचे लग्न उरकून टाकतात. त्यांना नावे ठेवण्याआधी आपल्या चहातली साखर कोणाच्या हातून आली, हे आपण आठवावे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. बीड जिल्ह्यात हे प्रमाण सुमारे ४४ टक्के, तर परभणीत ४८ टक्के होते. त्याच पाहणीत राज्यातील पाच वर्षांखालील ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. खुजेपणाला दारिद्र्य, अपुरा आहार, आजारपण अशी अनेक कारणे आहेत. पण आईचे कोवळे वय हे त्यांतील एक मोठे कारण आहे.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलीची स्वतःची वाढ पुरी झालेली नसते. पोटातल्या बाळाला आणि तिच्या स्वतःच्या शरीराला एकाच ताटातले अन्न वाटून घ्यावे लागते. त्यात अंगात रक्त कमी असेल तर बाळ कमी वजनाचे किंवा दिवस भरण्याआधी जन्मते. मेंदूची सर्वांत वेगाची वाढ गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत होते. तेव्हा राहिलेली उणीव पुढे भरून काढणे फार अवघड जाते.

ब्राझील, ग्वाटेमाला, भारत, फिलिपाइन्स आणि दक्षिण आफ्रिका या पाच देशांत संशोधकांनी हजारो मुलांचा जन्मापासून मोठे होईपर्यंत मागोवा घेतला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. एकोणीस किंवा त्याहून कमी वयात आई झालेल्यांची मुले दोन वर्षांची होईतो खुजी राहण्याचा आणि त्यांचे माध्यमिक शिक्षण अपुरे राहण्याचा धोका ३० ते ४० टक्क्यांनी अधिक होता. घरच्या गरिबीचा हिशेब वेगळा काढल्यावरही हा फरक उरला.

आपल्या कोल्हापूरशी जोडलेले एक नाव येथे आठवते. आनंदीबाई जोशी यांचे लग्न नवव्या वर्षी झाले. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत दगावला. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला. १८८६ मध्ये त्या अमेरिकेत एम.डी. झाल्या आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. पण काम हाती घेण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, क्षयाने त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

कोणी विचारील, "फादर, पवित्र मरियाही लहान वयातच आई झाली ना?" शुभवर्तमानात तिचे वय कोठेही दिलेले नाही. त्या काळच्या चालीवरून ती तरुण असावी, एवढेच म्हणता येते. पण शुभवर्तमान जे सांगते ते लक्षात घ्या. देवाने दूत पाठवून आधी मरियेचा होकार घेतला. तिने प्रश्न विचारला, त्याला उत्तर मिळाले. एलिझाबेथच्या घरी तिला तीन महिने मायेची सोबत मिळाली. संकट आले तेव्हा जोसेफ रातोरात आई व बाळाला घेऊन निघाला. आज लग्नाला उभ्या केलेल्या पोरीला कोण विचारते? मरियेचे नाव पुढे करून आपण बालविवाहाचे समर्थन करू शकत नाही. चर्चच्या कायद्यात वधूचे किमान वय चौदा लिहिले आहे हे खरे. पण देशातील रीतीपेक्षा लवकर लग्न करू पाहणाऱ्यांना परावृत्त करा, असे तोच कायदा धर्मगुरूंना सांगतो. आपल्या देशाचा कायदा मुलीला अठरा व मुलाला एकवीस वर्षे सांगतो, आणि आपल्या वेदीसमोरही तोच पाळायचा.

मग आपण काय करावे? ज्यांच्या शेतात टोळी येते त्यांनी खोपीत गरोदर किंवा ओली बाळंतीण असल्यास अंगणवाडीताईंना, आशाताईंना कळवावे. वय उघड होईल या धास्तीने अशा मुली दवाखाना टाळतात. त्यांना चौकशीने घाबरवू नका, एखादी बाई सोबत देऊन ग्रामीण रुग्णालयात पाठवा. कोठे बालविवाह ठरत असल्याचे कळले तर १०९८ या क्रमांकावर कळवा.

आपल्या घरांकडेही पाहू या. चांगले स्थळ आले म्हणून मुलीचे शिक्षण मध्येच तोडू नका. नव्या सुनेला वर्षाच्या आत पाळणा हलावा म्हणून घाई करू नका. तिचे ताट शेवटी आणि अर्धे राहू नये, हे सासूबाईंनी पाहावे आणि सासऱ्यांनीही.

नाझरेथच्या घरात येशूला वाढायला तीस वर्षे मिळाली. आपल्या लेकींना निदान त्यांचे बालपण तरी पुरे मिळो. त्यांच्या पोटी येणारी मुले त्यामुळेच बळकट होतील. पवित्र कुटुंब आपल्या घरांना आणि माळावरच्या खोपींनाही सांभाळो.

आपले धर्मगुरू