नाकारलेल्यास कारण सांगावे काय?

खेड्यातील एखादा तरुण मोठ्या कष्टाने परीक्षा उत्तीर्ण होतो, उसने पैसे घेऊन जिल्ह्याच्या गावी मुलाखतीस जातो, आणि "मागाहून कळवू" एवढेच ऐकून परत येतो. पुढे पत्र काही येत नाही. घरी आई विचारते, "काय रे, काय झाले?" त्यास उत्तर देता येत नाही, कारण ते त्यासच ठाऊक नसते. आपली योग्यता कमी पडली, की आपले आडनाव व आपली वस्ती आड आली, हा विचार त्याच्या मनास कुरतडीत राहतो. अशा वेळी असा प्रश्न उत्पन्न होतो की, ज्याने त्यास नाकारले त्याने त्याचे कारण सांगणे अवश्य आहे की नाही?

येथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. अर्ज केला म्हणून नोकरी मिळालीच पाहिजे, असा हक्क कोणासही नाही. निवड यादीत नाव आले तरी नेमणुकीचा पक्का हक्क उत्पन्न होत नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली ठरविले. परंतु सरकारने मनमानी करू नये, असेही त्याच निकालात सांगितले. तेव्हा नोकरीवर हक्क नसला, तरी न्यायाने वागविले जाण्यावर हक्क आहे. कारण सांगण्याचा प्रश्न ह्या दुसऱ्या हक्कात मोडतो.

सरकारी कचेऱ्यांपुरते कायद्याने ह्याचे उत्तर दिले आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे, सरकारी निर्णयाचा ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांस त्याची कारणे दिली पाहिजेत. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केला. तथापि ह्यासही मर्यादा आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाने पूर्वपरीक्षेचे मूळ गुण उघड करावे, हा उच्च न्यायालयाचा आदेश त्याच न्यायालयाने २०१८ साली रद्द केला. खाजगी धन्यावर तर प्रत्येक उमेदवारास कारण कळविण्याचे असे सर्वसाधारण बंधन आपल्या देशात नाही.

धन्याचीही बाजू ऐकून घेणे न्याय्य होय. एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात; प्रत्येकास पत्र कोणी लिहावे? दोघे सारखेच योग्य असता एकासच घ्यावे लागते, तेव्हा दुसऱ्याचा दोष तो काय सांगावा? खरे बोलल्याने उमेदवाराचे मन दुखावेल किंवा तो कज्जा करील, अशीही भीती असते. ह्या अडचणी खोट्या नाहीत. परंतु त्याच मौनाच्या आड अन्यायही सुखाने राहू शकतो, हे विसरता येत नाही.

सुखदेव थोरात व पॉल अटेवेल ह्या विद्वानांनी २००७ साली प्रसिद्ध केलेली पाहणी येथे ध्यानात घ्यावी. वृत्तपत्रांतील जाहिराती पाहून त्यांनी खाजगी कंपन्यांकडे अर्ज पाठविले. शिक्षण व योग्यता सारखीच ठेवली. भेद केवळ नावांत होता. तेव्हा दलित व मुसलमान वाटणाऱ्या नावांस उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी बोलावणी आली. ज्या एकट्या मनुष्यास बोलावणे येत नाही, त्यास हे कळावे कसे? शेकडो अर्ज ताडून पाहिले तेव्हाच ते उघडकीस आले.

कोणी म्हणेल, कारण विचारले तर धनी खोटे कारण सांगेल. काही जण तसे करतील, हे खरे. परंतु कारण सांगावे लागणार हे आधीच ठाऊक असले, म्हणजे निवड करतानाच मनुष्य आपल्या मनास विचारू लागतो. "त्यास टंकलेखन येत नाही" हे तोंडावर सांगता येते. "तो अमक्या वाड्यातला आहे" हे सांगावयास जीभ अडखळते. जे कारण उमेदवारासमोर उच्चारण्याची लाज वाटते, त्या कारणावरून त्यास नाकारणेही अयोग्य होय. शिवाय सांगितलेले कारण खोटे असल्यास ते पडताळून पाहता येते. मौन पडताळता येत नाही.

म्हणून आम्हांस असे वाटते की, ज्यांचे केवळ अर्ज आले त्यांस नकाराची एक ओळ कळवावी, व निवडीच्या अटी जाहिरातीतच स्पष्ट लिहाव्या. ज्यास मुलाखतीस बोलाविले, त्याने दिवसाची मजुरी बुडवून व गाडीभाडे खर्चून हजेरी दिली. त्याने विचारल्यास खरे कारण सांगणे हे कर्तव्यच समजावे. दुसऱ्या उमेदवाराची खाजगी गोष्ट मात्र उघड करू नये.

वाचकहो, हा उपदेश केवळ शहरातील कंपन्यांस नाही. आपल्यापैकी कोणी शाळेच्या समितीवर असतो, कोणी दुकानात मुलगा ठेवतो, कोणी बालवाडीसाठी बाई निवडतो. तेव्हा ओळखीच्याच्या मुलीस घेऊन दुसरीस "बघू" म्हणून परत लावणे सोपे असते. तसे न करता, "बाई, तुमचे शिक्षण अमुक इतके कमी आहे, ते पुरे करून पुन्हा या," असे सांगावे. आणि ज्यास असे सांगितले जाईल, त्यानेही रागास न जाता ते ऐकावे. आपले काय उणे आहे हे ज्यास कळले, तो ते भरून काढण्यास लागू शकतो. आणि आपले काहीच उणे नव्हते असे ज्यास कळले, तो न्याय मागू शकतो. ज्यास काहीच कळविले नाही, त्यास ह्यांपैकी कोणतीही वाट उरत नाही.