प्रारब्ध कोणते आणि क्रियमाण कोणते?

वारकरी सज्जनहो, “व्हायचे ते प्रारब्धाने होणार, मग रोज गोळी कशाला?” असा प्रश्न दिंडीत पुष्कळदा कानी येतो. तो वैराग्याचा वाटतो खरा. पण नीट शोधून पाहावा.

कर्म तीन प्रकारचे : संचित, प्रारब्ध, क्रियमाण. सुटलेला बाण ते प्रारब्ध. हातातला बाण ते क्रियमाण. पूर्वी वारीत पटकीचे भय असे. आजचे वैरी सावकाश येतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात सुमारे १० कोटी मधुमेही आणि ३१ कोटी उच्च रक्तदाबाचे लोक असल्याचा अंदाज निघाला.

यात आईबापांकडून आलेला कल, वाढते वय, हा सुटलेला बाण. म्हणून रोग्याला कोणी पापी म्हणू नये. पण तोंडातली तंबाखू, दातांची मिश्री, ताटातले वरचे मीठ, हा हातातला बाण आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी मीठ सांगते. म्हणजे लोणचे-पापड धरून एक लहान चमचा!

रक्तदाब बहुधा दुखत नाही, म्हणून गोळी सुटते. मग एखाद्या पहाटे अर्धांग जाते. अंथरूण धरतो एकजण. पण उशाशी जागते सून, विकले जाते शेत, सुटते नातवाची शाळा. मग “देह माझा, भोग माझा” हे बोलणे खरे कसे? आपल्या हेळसांडीचा भोग दुसऱ्याच्या माथी मारणे हे कोणते वैराग्य?

एकादशीचेही तसेच. मधुमेहाची औषधे चालू असता निराहार राहिले, तर काहींची साखर एकाएकी उतरून भोवळ येते. साबुदाणा-बटाट्यावर ताव मारला, तर ती चढते. व्रताआधी डॉक्टरांना विचारण्यात व्रतभंग नाही. उपवास म्हणजे देवाजवळ राहणे.

आणि आळंदीहून पंढरी, सुमारे २५० किलोमीटर, तुडवणारे पाय बाकीचे महिने ओट्यावर का बसावेत? रोज थोडी वाट चालावी, मुखी नाम असावे.

देहाचा लोभ नको, हे खरेच. पण ज्या टाळाने भजन करायचे, तो टाळ काही कोणी मुद्दाम फोडीत नाही. जे टळत नाही ते धीराने सोसावे. जे टळते ते टाळावे. गोळी घेऊन माळ हाती घेतली, म्हणून नामात खंड पडत नाही.