परदेशांतील मजुरी आणि अर्पणाचा पैसा

वाचण्याचीं वचनें : अनुवाद 24:14, 15, उत्पत्ति 31:36-42, मत्तय 27:3-7.

कापणीच्या सणाच्या आधींच्या रविवारीं उपासना आटोपल्यावर मंडळींतील एक वृद्ध गृहस्थ प्रस्तुत लेखकाजवळ येऊन उभे राहिले. त्यांचा मुलगा इंग्लंडांत शिकावयास गेला आहे. सणाच्या अर्पणासाठीं म्हणून त्यानें घरीं कांहीं पैसे पाठविले होते. बाप म्हणाला, "पाळकसाहेब, हे पैसे देवापुढें ठेवावे कीं नाहीं, तेवढें मला सांगा. पोरगा दिवसा हॉटेलांत भांडीं घासतो आणि रात्रीं सायकलवरून लोकांच्या दारीं जेवण पोंचवितो. रात्रीचें काम दुसऱ्या कोणाच्या नांवावर चालतें. सरकारनें जितके तास नेमून दिले आहेत त्यांहून जास्त होतात. कमाई घामाची आहे, पण ती शुद्ध आहे काय?"

हा प्रश्न आतां एका घरचा राहिलेला नाहीं. आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतून मुलें इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांस जातात, आणि वर्ष दोन वर्षें मिळेल तें काम करून दिवस काढितात. म्हणून त्या गृहस्थांच्या संमतीनें, त्यांचें नांव न सांगतां, तो प्रश्न आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट झाली पाहिजे. भांडीं घासण्यांत किंवा दारोदार जेवण पोंचविण्यांत कसलाही हलकेपणा नाहीं. मवाबी रूथ परक्या मुलखांत आली, ती कापणी करणाऱ्यांच्या मागें पडलेलीं कणसें वेंचूनच जगली. पौल करिंथास आला तेव्हां अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरीं राहून त्यानें तंबू शिवले. आणि तें जोडपेंही रोमांतून हांकलून दिलेलें, म्हणजे परदेशांतच पोट भरणारें होतें. आपल्या पंडिता रमाबाई 1883 सालीं इंग्लंडास गेल्या. वाटखर्चास त्यांना आपल्या 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रीचा आधार झाला, आणि वाँटेज येथील भगिनींच्या मठांत आपल्या निर्वाहाच्या मोबदल्यांत त्यांनीं आपल्या देशाकडे येणाऱ्या भगिनींस मराठी शिकविलें. फुकटचें खाणें त्यांस रुचलें नाहीं. तेव्हां त्या मुलाचे हात साबणाच्या पाण्यानें भेगाळले असतील, तर त्या भेगांची लाज त्यानें किंवा त्याच्या आईबापांनीं धरण्याचें कांहीं कारण नाहीं.

परंतु बापाचा प्रश्न कामाच्या हलकेपणाविषयीं नव्हता. तो कामाच्या खरेपणाविषयीं होता. त्याचें उत्तर देण्याआधीं त्या मुलाचा हिशेब समजून घेणें न्याय्य होय. ब्रिटनमध्यें पदवीच्या शिक्षणासाठीं गेलेल्या परदेशी विद्यार्थ्यास सत्र चालू असतां आठवड्याला 20 तासच काम करण्याची मुभा असते. कॅनडांत नोव्हेंबर 2024 पासून ही मर्यादा 24 तासांची झाली. ऑस्ट्रेलियांत जुलै 2023 पासून पंधरवड्यास 48 तासांची आहे. ब्रिटनमध्यें 21 वर्षांवरील कामकऱ्याचा किमान दर एप्रिल 2025 मध्यें तासास 12 पौंड 21 पेन्स ठरला. त्या दरानें 20 तासांचे आठवड्याला 244 पौंड 20 पेन्स, आणि महिन्याचे सुमारें 1058 पौंड होतात. आतां परवाना देतांना लंडनबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याजवळ दर महिन्याच्या खर्चासाठीं जी रक्कम असावी असें तेथील सरकारनें 2025 च्या आरंभीं ठरविलें होतें, ती 1136 पौंडांची होती. म्हणजे नेमलेले सर्व तास भरले तरी नुसत्या राहण्याखाण्यासच तें कमी पडतें; फी तर दूरच. आणि तास तरी भरतात कोठें? पुष्कळ कामांत मालक तासांची हमी देत नाहीं. या आठवड्यांत बोलावणें येतें, पुढच्या आठवड्यांत येत नाहीं.

इकडे घरीं बँकेचें कर्ज आहे. कर्ज मोठें असलें म्हणजे बँका बहुधा तारण मागतात, आणि खेड्यांतील माणसाचें तारण म्हणजे घर किंवा जमीन. शिक्षण चालू असतां हप्ता थांबतो. व्याज मात्र थांबत नाहीं. मुलाला रात्रीं झोंप लागत नसेल तर तें थंडीमुळेंच असें कोणी समजूं नये.

अशा वेळीं मनुष्य म्हणतो, अडला हरी गाढवाचे पाय धरी. एखादा ओळखीचा येऊन सांगतो, "माझ्या नांवाचें खातें घे, त्यावर रात्रीं जेवण पोंचव, मला माझा वांटा दे." तो मुलगा मनांत विचार करितो कीं, मीं चोरी केली नाहीं, कोणाला लुबाडलें नाहीं, थंडीवाऱ्यांत राबलों, मग माझें चुकलें तें काय?

हा युक्तिवाद तुच्छ नाहीं, आणि जो उबेंत बसून त्याला चोर म्हणेल त्यानें स्वतःस तपासून पाहावें. राबून खाणारा व हिसकावून खाणारा यांस देव एका मापानें मोजीत नाहीं. तरीसुद्धां हा युक्तिवाद पुरा पडत नाहीं, याचीं तीन कारणें आहेत.

पहिलें कारण दिलेल्या शब्दाचें. शिकण्यासाठीं येतों व नेमलेल्या अटींनीं राहतों, असें सांगून त्यानें परवाना घेतला आहे. अट जाचक असेल. ती बदलावी असें खुशाल म्हणावें. परंतु आपलें नुकसान होतें म्हणून आपण दिलेला शब्द फिरविणें, हें पंधराव्या स्तोत्रांतील सज्जनाचें लक्षण नव्हे.

दुसरें कारण शेजाऱ्याचें. जो चोरून काम करितो त्याला कमी पैशांवर राबवितां येतें, आणि एकानें कमी घेतलें म्हणजे त्याच दारीं उभ्या असलेल्या दुसऱ्या गरिबाचा दरही खालीं येतो. तो दुसरा गरीब कदाचित् आपल्यासारखाच दूर देशाहून आलेला असतो.

तिसरें कारण त्याच्या स्वतःचें, आणि तेंच आम्हांस सर्वांत मोठें वाटतें. याकोबानें भावाचीं वस्त्रें अंगावर घातलीं व भावाचें नांव घेऊन बापापुढें उभा राहिला. पुढें तोच याकोब परमुलखांत लाबानाच्या घरीं वीस वर्षें राबला. दिवसा उन्हानें व रात्रीं गारठ्यानें पोळला, आणि लाबानानें त्याची मजुरी दहा वेळां बदलली. दुसऱ्याचें नांव घेऊन उभा राहणारा मनुष्य लाबानाच्या हातीं सांपडतो, ही गोष्ट आजही तशीच घडते. ज्याच्या नांवाचें खातें आहे त्यानें पैसे दाबून ठेवले, तर हा मुलगा कोणाकडे दाद मागणार? रस्त्यांत गाडीचा धक्का लागला, तर कोणत्या नांवानें तो आपली हकीकत सांगणार? ब्रिटनच्या 2016 सालच्या स्थलांतरविषयक कायद्यानें परवान्याची अट मोडून काम करणें हा गुन्हा ठरविला, आणि त्या कामाची मजुरीही जप्त होऊं शकते. म्हणून लाबानाला मोठ्यानें बोलण्याचीही गरज पडत नाहीं. आपल्याला सर्व ठाऊक आहे एवढें त्यानें सुचविलें कीं पुरे. जो जास्त कमवावयास गेला, तो अशा रीतीनें आपलें तोंडच गहाण ठेवून बसतो.

येथवर आम्ही मुलाचा दोष सांगितला. परंतु पवित्र शास्त्र या विषयांत मजुराशीं थोडें व मालकाशीं पुष्कळ बोलतें. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायांत गरजू मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधीं द्यावी अशी आज्ञा आहे, आणि तो मजूर आपल्या बांधवांपैकीं असो कीं परदेशी असो, असें तेथें मुद्दाम म्हटलें आहे. त्याचा जीव त्या मजुरीकडे लागलेला असतो, हें कारणही तेथेंच दिलें आहे. अडलेल्याच्या अडचणीवर जो आपली तुंबडी भरतो, त्याचा अपराध अडलेल्याच्या अपराधाहून जड आहे, याविषयीं संशय नको.

आतां आम्ही आपल्याच दाराकडे वळतों. बापाशीं अधिक बोलतां असें कळलें कीं, मुलानें घरीं प्रथम निराळेंच सांगितलें होतें. तो चांगल्या कचेरींत आहे अशी गांवांत समजूत होती. मोठ्या इमारतीपुढें काढलेलें त्याचें चित्र घराघरांत दाखविलें गेलें होतें. खरी गोष्ट त्यानें एका रात्रीं आईला रडत सांगितली. हें खोटें त्याच्याकडून कोणी बोलविलें? तो गेला तेव्हां आपण त्याला हार घातले, आणि त्यानंतर जेव्हां जेव्हां बापाची गांठ पडली तेव्हां एकच प्रश्न विचारला, "काय पाठवितो?" तो जेवतो काय, निजतो कोठें, उपासनेस जातो काय, हें कोणी विचारलें? ज्या मुलाला ठाऊक आहे कीं रिकाम्या हातानें परतलों तर लोक हंसतील, तो उपाशी राहील, दुसऱ्याच्या नांवावर राबेल, पण तोंड उघडणार नाहीं.

लूकाच्या पंधराव्या अध्यायांतला धाकटा मुलगा दूर देशीं डुकरें चारीत होता. तो उठून घराकडे निघाला, कारण आपल्या बापाच्या घरीं चाकरांनासुद्धां भाकर पुरून उरते हें त्याला आठवत होतें. आपल्या मुलांस दूर देशीं आपल्या घराविषयीं काय आठवतें? भाकर आठवते, कीं हप्ता आठवतो? तो मुलगा तर उधळ्या होता. आपला मुलगा कष्टाळू आहे. उधळ्याला जें दार उघडें होतें, तें कष्टाळूला बंद असावें काय?

आणखीही एक विचार मनांत येतो. या दिवसांत आपल्या शिवारांत ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात. बीडसारख्या भागांतून नवरा, बायको व लहान लेंकरें येतात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांस माघारी जातां येत नाहीं. आपल्या मुलाला तेथें जसा मालक मिळावा अशी आपण प्रार्थना करितों, तसे आपण येथें त्यांच्याशीं वागतों काय? त्यांच्या कोपीपर्यंत पाणी पोंचतें काय? त्यांचें लेंकरूं आजारी पडलें तर मंडळींतील कोणी पाहावयास जातो काय? तुम्हीही परदेशी होतां, म्हणून परदेश्याचें मन तुम्हांस ठाऊक आहे, असें परमेश्वरानें इस्राएलास सांगितलें. ज्याचा मुलगा परदेशांत राबतो, त्यास तें आजही ठाऊक असावें.

तर मग त्या पैशांचें काय? आम्ही त्या गृहस्थांस असें म्हटलें : यहूदानें तीस रुपये परत आणून टाकले तेव्हां मुख्य याजकांनीं, हे पैसे दानकोशांत टाकणें योग्य नाहीं, असा मोठा विचार केला, परंतु समोर तळमळणाऱ्या मनुष्याचा विचार त्यांनीं केला नाहीं. नाण्यांविषयीं ते सोंवळे होते; जिवाविषयीं नव्हते. आपल्या हातून तसें होऊं नये. यंदाच्या ताटांत हे पैसे ठेवूं नका. ते मुलाकडे परत पाठवा. मंडळीला ते विटाळ वाटतात म्हणून नव्हे. त्याच्या भाड्याला व भाकरीला त्यांची आज गरज आहे, आणि तें दुसऱ्याचें खातें सोडावयास त्यांचा आधार होईल, म्हणून. त्याला सांगा कीं, नेमलेल्या तासांतच काम कर. कमी पडेल तें आम्हांस मोकळेपणानें सांग. तेथील विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसाठीं सल्लागार असतात. कामकऱ्यांच्या हक्कांविषयीं 'एकॅस' नांवाची संस्था फुकट सल्ला देते. गरजूंस शिधा देणारीं केंद्रें पुष्कळ ठिकाणीं चर्चच्याच इमारतींत चालतात. तेथें जाण्याची लाज धरूं नको. रूथनें धरली नाहीं. आणि कांहींच जमलें नाहीं, तर परत ये. जमीन गेली तरी चालेल, पण तूं ये.

हें शेवटचें वाक्य ऐकून म्हातारबुवा बराच वेळ उगे राहिले. जमीन त्यांच्या बापानें कष्टानें घेतलेली आहे. तें वाक्य आम्हांस बोलावयास सोपें होतें, त्यांस सोपें नव्हतें. शेवटीं ते म्हणाले, "आज रात्रीं त्याला सांगतों. अर्पणाला माझ्या रानांतली पायलीभर बाजरी आणीन."

त्यांनीं ती आणिली. बाजरीच्या त्या पायलीवर उपासनेंत प्रार्थना झाली, आणि मुलाचें नांव घेऊन निराळी प्रार्थनाही झाली. त्याच्या पगारासाठीं नव्हे, त्याच्यासाठीं. प्रत्येक मंडळीनें परदेशीं गेलेल्या आपल्या मुलांमुलींची एक यादी करावी, महिन्यांतून एकदां त्यांची विचारपूस करावी, आणि "काय पाठवितो?" हा प्रश्न आपल्या तोंडून कायमचा काढून टाकावा, एवढीच आमची नम्र सूचना आहे.