आकाश काळे करणारा हात

भर दुपारी घेतलेल्या छायाचित्रातील रंग काढून टाकावेत, निळ्याचा अंश उतरवावा आणि निरभ्र आकाशाला वादळाचा काळोख चढवावा, हे आता संगणकावर क्षणाचे काम झाले आहे. ही कला म्हणावी की असत्य?

१० एप्रिल १९२७ रोजी ॲन्सेल ॲडम्स यांनी कॅलिफोर्नियातील योसेमिटी येथे हाफ डोम या कड्यापुढे कॅमेरा लावला. पिवळा फिल्टर लावून छायाचित्र घेतले. पण त्यात कड्याचे नुसते रूप येईल, आपल्याला जाणवलेला दरारा येणार नाही, हे त्यांनी ओळखले. शेवटच्या उरलेल्या काचेसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवितो. त्यामुळे उजेडातले आकाश जवळजवळ काळे उतरले. तसे आकाश तेथे कोणी पाहिले नव्हते. तरीही त्या चित्राला खोटे म्हणण्यास मन धजत नाही. त्यात कोणाचे काही हिरावले गेले नाही. (आकाश तक्रार करीत नाही, हेही खरेच!)

परंतु माणसाचा चेहरा? २७ जून १९९४ च्या ‘टाइम’ साप्ताहिकाने ओ. जे. सिम्प्सन यांचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र मुखपृष्ठावर गडद करून छापले. खटला अद्याप उभा राहावयाचा होता. त्याच आठवड्यात ‘न्यूजवीक’ने तेच छायाचित्र न काळवंडता छापले, म्हणून फरक सर्वांच्या डोळ्यांत भरला. कृष्णवर्णीय माणसाला अधिक काळे करून अधिक भयंकर दाखविले, हा आक्षेप मला रास्त वाटतो. कड्यापुढे छायाचित्रकार आपल्याच मनाची साक्ष देत होता. येथे साक्ष दुसऱ्याविरुद्ध होती. हे छायाचित्रावरून केलेले चित्र आहे, अशी नोंद आतल्या पानावर होती. दुकानात टांगलेले मुखपृष्ठ पाहून पुढे जाणाऱ्याला ती कोठून दिसणार?