आर्ताचं नाव पहिलं



आजचा श्लोक गीतेच्या ७व्या अध्यायातला, १६वा. भगवंत म्हणतात, मला भजणारे पुण्यवान लोक चार प्रकारचे: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. आपण वाचताना ज्ञानीपाशी रेंगाळतो, कारण पुढे त्याचं कौतुक आहे. पण पहिलं नाव आर्ताचं आहे. १८व्या श्लोकात तर चौघांनाही ‘उदार’ म्हटलंय.

आता, आर्ताची हाक गोडच असेल असं थोडंच आहे?

तुकोबांची आवली घ्या. जिजाबाई. कीर्तनात तिचं नाव आलं की हशा पिकतो. कजाग, तोंडाळ, विठोबाला ‘काळ्या’ म्हणून वाट्टेल ते बोलणारी. पण जरा तिच्या घरात डोकावा. १६३०च्या सुमाराचा दुष्काळ. तुकोबांची पहिली बायको रखुमाबाई त्यात अन्नावाचून गेली. दुकान बसलं. आपल्या वाट्याची कर्जखतं तुकोबांनी इंद्रायणीत सोडली, म्हणजे येणं होतं तेही संपलं. ते भंडारा डोंगरावर नामात बसलेले, घरात भुकेली पोरं. चूल पेटवायची कोणी? शिव्या निघणार नाहीत तर काय होईल! आणि हीच आवली रोज त्यांना शोधत भाकरी घेऊन डोंगर चढायची. कथा सांगणारे हेही सांगतात, तरी तिला कजागच म्हणतात. मला हे कधी पटलं नाही. जो नाहीच असं वाटतं, त्याच्याशी कोणी रोज भांडतं का?

आज आयसीयूबाहेर बसलेला एखादा मित्र म्हणतो, “देव-बिव काही नाही रे.” लगेच ग्रुपवर कोणीतरी लिहितं, “श्रद्धा कमी पडतेय तुझी.” अहो, तो तीन रात्री झोपलेला नाही! आमच्या कामात सर्व्हर बंद पडल्यावर फोन करून ओरडणाऱ्याला कोणी ‘हा आपला राहिला नाही’ म्हणत नाही. आणि जो अगदी गप्प झालाय, त्याच्या आत काय चाललंय हे तरी आपल्याला कुठे दिसतं? त्याला डबा नेऊन द्या, रात्री दोन तास त्याच्या जागी बसा. श्लोक नंतर पाठवता येतील.

त्या डोंगरवाटेवर एकदा आवलीच्या पायात काटा मोडला, अशी कथा आहे. तो काढायला विठोबा स्वतः आला. त्याने शिव्यांचा हिशोब विचारल्याचं कोणी सांगत नाही. काटा निघाला, आणि ती भाकरी घेऊन पुढे चढू लागली.