नगराचें पान आणि नागरिकाचें मौन

मुंबई सरकारनें १८८० सालीं रत्नागिरी व सावंतवाडीचें गॅझेटियर प्रसिद्ध केलें. त्यांत चूक आढळल्यास रत्नागिरीकरानें समासांत टीप लिहावी, याहून अधिक कांहीं त्याच्या हातीं नव्हतें. वॉर्ड कनिंगहॅम यांनीं १९९५ सालीं ‘विकि’ची युक्ति काढली आणि वाचकाच्या हातीं लेखणी आली. कॅलिफोर्नियांतील डेव्हिस गांवच्या लोकांनीं २००४ सालीं आपल्या गांवाची माहिती अशीच मिळून लिहावयास घेतली. पुढें त्यांतूनच ‘लोकलविकि’ हें कोणत्याही गांवास खुलें असलेलें साधन निघालें.

आमचे विद्वान् स्नेही विचारतात, ‘ज्यानें त्यानें लिहावें, तर सत्याची वाट काय?’ प्रश्न रास्त आहे. थिबा राजा १९१६ सालीं रत्नागिरींत वारला. हजारांनीं दुसरें साल लिहिलें म्हणून तें बदलत नाहीं. सत्य बहुमतानें ठरत नाहीं, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु विकींत प्रत्येक फेरफाराची नोंद राहते व बिघडलेला मजकूर पूर्ववत् करतां येतो. तेव्हां छापील ग्रंथांतील चूक ग्रंथकाराची असेल. खुल्या पानावरील चूक मात्र ती पाहून गप्प बसणाऱ्या जाणत्याचीही होते.

आमच्या गांवाविषयींची अशी एक चूक आम्हींही पाहिली, हंसलों आणि उठून गेलों. लिहिणारा चुकला होता खरा. पण त्यानें गांवासाठीं निदान लिहिण्याचे कष्ट घेतले होते. आम्हीं तेवढेंही केलें नव्हतें.