सीमेवरचा फराळ

पाडव्यापासून अकराव्या तिथीला कार्तिकी. पण सियाचीनच्या बर्फात पहाऱ्यावर असलेल्या आपल्या पोराला ना घरचे अभ्यंग, ना चंद्रभागेचे स्नान. १९८४ पासून तेथे आपले जवान उभे आहेत. त्यांची वारी चुकली, असे मी तरी म्हणणार नाही. विटेवरचाही उभाच आहे की!

तेव्हा मायबाप हो, फराळ दसऱ्यालाच धाडा. पुढे बर्फाने वाटा बुजतात. चिवडा, चकली, शंकरपाळे घट्ट डब्यात भरा. तुपातला लाडू थंडीत दगड होतो. पत्त्यावर गाव नसते. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’. पोर नेमके कोठे, ते आईलाही कळत नाही. डब्यात बुक्क्याची पुडी ठेवा, आणि चिठ्ठीत उपदेश नको. गाय व्याली का, ज्वारी पेरली का, ते लिहा.